जिप्सीत सोळाशेचं इंजिन टाकताय? मग फ्युएल पंप असा निवडा

कार्ब्युरेटरवाली जिप्सी आणि तिच्यात जुन्या बलेनोचं 1.6 लिटरचं, म्हणजे सोळाशे सीसीचं इंजिन. आपल्याकडे हा स्वॅप (इंजिनाची अदलाबदल) इतक्या वेळा झालाय की कोल्हापूरच्या उद्यमनगरात "जिप्सीला सोळाशे टाकायचंय" एवढं म्हटलं की मिस्त्री पुढचं सगळं स्वतःच सांगायला लागतो. माउंटिंग कसं करायचं, रेडिएटर कुठला, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) वायरिंग कोण करतो. पंपाचा, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोहोचवणाऱ्या फ्युएल पंपाचा, विषय अगदी शेवटी, चहाचे कप परत जाताना निघतो: "पंप काय, कुठलाबी टाकू. मोठा बघून."

मी तसाच मोठा बघून टाकला होता. ताशी 255 लिटरवाला, रेसिंगच्या गाड्यांना लावतात तसला. दोन महिन्यांनी इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दहा मिनिटांत सायलेन्सरमधून काळा धूर. प्लग काढले तर काजळीने भरलेले. टाकीचं झाकण उघडलं की फुस्स करून वाफ. शेवटी कुणीतरी प्रेशर गेज आणून लावला: आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) दाब चार बारच्या वर, आणि इंजिनाला हवं होतं अडीचच्या आसपास. तिथे बसलेले एक म्हातारे मिस्त्री तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "साहेब, एवढं पेट्रोल वर पाठवतायसा, ते परत यायची वाट कुठाय?"

पंप निवडताना हा एक प्रश्न धरून बसलात तरी अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं खाली क्रमाने सांगतो. उदाहरण जिप्सीचंच घेतलंय, पण झेन, एस्टीम किंवा आणखी कुठली जुनी कार्बवाली गाडी असली तरी हिशेब हाच.

कागदांचं आधी उरका

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल माहीत नसताना इंजिन विकत घेऊ नका. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असा त्याचा रोख आहे. इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, सीसी बदलली तर आणखी प्रश्न येतात. आधी आरटीओत जाऊन विचारा, मग पैसे द्या. परवानगीशिवाय केलेल्या गाडीचा क्लेम विमा कंपनीपुढे टिकवणं अवघड जातं. बरेच जण म्हणून अशी गाडी फक्त खाजगी जागेत, ऑफरोडिंगपुरती वापरतात. आता पंपाकडे वळू.

पहिली पायरी: इंजिनाला प्रेशर किती लागतं ते शोधा

नवखा माणूस पहिल्यांदा लिटर विचारतो. पहिल्यांदा विचारायचं ते प्रेशर.

1996 ला आलेल्या जिप्सी किंगचं 1298 सीसीचं इंजिन कार्ब्युरेटरवर चालायचं. त्याचा पंप इंजिनालाच बसवलेला, कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवायचा, आतलं डायफ्राम वरखाली व्हायचं आणि पेट्रोल टाकीतून ओढलं जायचं. प्रेशर जेमतेम 0.2 ते 0.4 बार, म्हणजे 3 ते 6 पीएसआय. कार्बला एवढंच लागतं, कारण त्याच्या वाटीत पेट्रोल साठून राहतं आणि तिथून पुढे इंजिन स्वतःच ते ओढून घेतं.

एमपीएफआय इंजिनात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या इंजिनात, ती वाटी नाही. इंजेक्टर उघडतो तो काही हजारांश सेकंद, आणि तेवढ्यात पेट्रोलचा बारीक फवारा उडायचा तर रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) दाब तयार असायला हवा. बहुतेक पेट्रोल इंजिनांना तो 2.5 ते 3.5 बार लागतो. 3 बार म्हणजे 43.5 पीएसआय. जुना मेकॅनिकल पंप इथे उपयोगाचाच नाही, मग तो कितीही चांगल्या स्थितीत असो.

उलटी चूकही लोक करतात. इंजेक्शनचा पंप कार्बवाल्या इंजिनाला जोडतात. कार्बची सुई एवढा दाब धरू शकत नाही. वाटी भरून वाहते आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. त्यानंतर काय होतं ते लिहायची गरज नाही.

तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. मॅन्युअल नसेल तर तेच इंजिन असलेली चालती गाडी गाठा आणि तिला गेज लावून बघा. टर्बो बसवणार असाल तर पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर बूस्टइतकाच (टर्बो हवेचा जेवढा दाब वाढवतो तेवढाच) दाब वाढवतो. म्हणजे मुळात 3 बार आणि वर 0.8 बार बूस्ट असेल तर पंपाला 3.8 बारवर काम करायचंय. दाब वाढला की पंपातून येणारं पेट्रोल घटतं. म्हणून पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा कुठल्या दाबाला मोजलाय हे बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरी पायरी: लिटरचा हिशेब

हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर होतो. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण 0.3 लिटर पेट्रोल लागतं. टर्बो असेल तर 0.37 धरा.

बलेनोचं 1590 सीसीचं इंजिन 94 अश्वशक्तीचं. 94 ला 0.3 ने गुणलं की 28 लिटर. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते पेट्रोल इथेनॉलमिश्रित. ई20 (वीस टक्के इथेनॉल) असेल तर इंजिन तेवढ्याच कामाला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल पितं, म्हणजे साडेतीस लिटर. वर तीस टक्के राखीव: पंप जुना होईल, फिल्टर थोडा तुंबेल, उन्हाळ्यात व्होल्टेज पडेल. झाले 40 लिटर. ताशी चाळीस लिटर, 3 बारला.

छोट्या एमपीएफआय गाडीचा कंपनीचा साधा पंपसुद्धा याच्याहून जास्त देतो. म्हणजे मी 255 चा पंप घेतला तेव्हा गरजेच्या सहापट घेतला होता. दीडशे अश्वशक्तीचं टर्बो इंजिन केलं तरी तुमचा आकडा ई20 आणि राखीव धरून ऐंशीच्या खालीच राहतो. 255 चा पंप ज्यांना खरंच लागतो ते लोक हा लेख वाचणार नाहीत, त्यांच्याकडे डायनोचे (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) ग्राफ असतात.

तिसरी पायरी: परतीची वाट मोजा

इथे थोडा वेळ घालवू, कारण जवळजवळ सगळ्या घोळांचं मूळ इथे असतं.

जुन्या एमपीएफआय इंजिनांत पंप सतत पूर्ण जोराने चालतो. इंजिन लागेल तेवढं घेतं, रेलच्या टोकाचा रेग्युलेटर उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत सोडतो. आयडलला 1.6 इंजिन ताशी एखादा लिटर पितं. म्हणजे 255 चा पंप असेल तर ताशी 254 लिटर परत जायचंय. कुठून? कार्बवाल्या जिप्सीच्या बारीक रिटर्न नळीतून, जी मुळात वाफ आणि थोडंसं उरलेलं पेट्रोल परत न्यायला घातलेली असते. नळी एवढं गिळू शकत नाही, पेट्रोल तुंबतं, आणि रेग्युलेटरच्या मागचा दाब वाढतो. रेग्युलेटर ठीक असूनही गेजवर चार बार दिसतात ते यामुळेच. ईसीयूला याचा पत्ता नसतो. त्याच्या हिशेबात दाब ठरलेला आहे, म्हणून तो इंजेक्टर नेहमीइतकाच वेळ उघडतो आणि दर वेळी जास्त पेट्रोल उडतं. काळा धूर तिथून.

दुसरा त्रास उष्णतेचा. जिप्सीची टाकी 40 लिटरची. तीत दहा लिटर उरले असतील तर 255 चा पंप ते दहाच्या दहा लिटर अडीच मिनिटांच्या आत इंजिनाजवळून फिरवून परत टाकीत आणतो. दर फेरीला पेट्रोल गरम होतं, शिवाय पंपाची स्वतःची ऊब त्यात मिसळते. मे महिन्यात, घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरला तासभर चढल्यावर टाकीतलं पेट्रोल हाताला गरम लागतं. मग पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढायला लागतो आणि गाडी हिसके देते. झाकण उघडल्यावर फुस्स का होत होतं ते मला तेव्हा कळलं.

यातून मार्ग दोन. पंप गरजेपुरता घ्या, किंवा मोठाच हवा असेल तर रिटर्न लाइन निदान आठ मिलिमीटर आतल्या व्यासाची नवी टाका. मी पंप बदलला. गेज लगेच जागेवर आला, दुसरं काहीच करावं लागलं नाही.

अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत रिटर्न लाइन नसते. रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या डब्यात असतो आणि इंजिनाकडे एकच नळी जाते. तसलं इंजिन टाकत असाल तर त्याच गाडीचा पूर्ण पंप असेंब्लीचा डबा घ्या, किंवा टाकीजवळ रेग्युलेटरवाला फिल्टर बसवून तिथूनच रिटर्न द्या. रेलला भोक पाडून रिटर्न काढायच्या फंदात पडू नका.

चौथी पायरी: पंप टाकीत की बाहेर

जमत असेल तर टाकीत. पंपाची मोटर पेट्रोलातच बुडालेली असते, पेट्रोलच तिला थंड ठेवतं आणि वंगण देतं. आवाजही येत नाही. जिप्सीसाठी सगळ्यात सरळ उपाय म्हणजे 2000 नंतरच्या एमपीएफआय जिप्सीची टाकी आणि तिचा आतला पंप. ती टाकी त्याच चॅसिसची. पंपाची जागा आतून तयार, नळ्यांची तोंडं तयार, गेजचा फ्लोटही तिचाच. जुनी टाकी कापून भोक पाडून पंप बसवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. आणि टाकीला वेल्डिंग करायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते. ते काम धुऊन, वाफ काढून, पाणी भरून करणाऱ्या जुन्या माणसाचं.

टाकी मिळाली नाही तर पंप बाहेर, चॅसिसला. मग हे पाळा: पंप टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली असावा. हे पंप ढकलण्यात वाघ आणि ओढण्यात शेळी असतात. पेट्रोल आपोआप उतरून त्यांच्या तोंडाशी आलं पाहिजे. पंपाच्या आधी फक्त मोठ्या डोळ्यांची जाळी, बारीक फिल्टर नेहमी पंपानंतर. आधी बारीक फिल्टर लावला की ओढ वाढते, पंपात बुडबुडे होतात, तो किंचाळायला लागतो आणि काही महिन्यांत बसतो. रबरी बुशवर बसवा, नाहीतर सीटखाली डास घोंगावल्यासारखा आवाज रात्रंदिवस सोबतीला.

आणखी एक गोष्ट चढ-उताराची. कार्बच्या वाटीतलं पेट्रोल दोन-चार सेकंदांची उणीव भरून काढायचं. इंजेक्शनच्या इंजिनाला ती सवलत नाही. टाकीत पाव भाग पेट्रोल आहे, गाडी उभ्या चढावर किंवा तिरकी, पेट्रोल एका कोपऱ्यात सरकलं आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली की इंजिन तिथल्या तिथे मेलं. ऑफरोडला नेणार असाल तर आत वाटी असलेला पंपाचा डबा घ्या, किंवा लिटर-दीड लिटरचा सर्ज टँक (पंपाला कायम पेट्रोल मिळावं म्हणून भरलेली राहणारी छोटी टाकी) मध्ये टाका. फक्त डांबरी रस्त्यावर चालवणार असाल तर एवढा खर्च नको, टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका एवढं पुरे.

नळ्या, क्लिपा, गंज

हे पटकन. कार्बला चालणारी साधी रबरी नळी 3 बारला भरवशाची नाही. इंजेक्शनसाठी एसएई जे30 आर9 असं छापलेली नळी मागा. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी आर10 लागते. आर9 बाहेरून पेट्रोल लागायला केलेलीच नाही, बुडवून ठेवली तर फुगून मऊ पडते. इथेनॉलमुळे जुनं रबर आणखी लवकर जातं, त्यामुळे "ही नळी अजून चांगली आहे" हा मोह टाळा. क्लिपा काठ वळवलेल्या, इंजेक्शनच्या घ्या. दात कापलेली नेहमीची पट्टीची क्लिप नळीत रुतते.

टाकीत टॉर्च मारून बघा. तळाला तांबडी भुकटी दिसली तर आधी टाकी साफ, मग पंप. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या टाकीतला थर सोडवतं आणि तो थेट जाळीवर येऊन बसतो. नवा पंप महिन्यात मेला की लोक पंपाला शिव्या घालतात.

वायरिंग: पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळालंच पाहिजे

खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा 13.5 व्होल्टला मोजलेला असतो. जुन्या जिप्सीच्या बारीक, काळवंडलेल्या वायरमधून पंपापर्यंत कधी कधी अकराच पोहोचतात. पंप चालतो, आवाजही येतो, पण टॉप गिअरला गाडी दम सोडते आणि तुम्ही प्लग बदलत बसता.

बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच), रिलेपासून पंपापर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची नवी वायर. अर्थची वायरसुद्धा तेवढीच, चॅसिसवरचा रंग खरवडून, पंपाच्या जवळ. साध्या पंपाला 15 अँपिअरचा फ्यूज भरपूर. इंजिन चालू असताना बॅटरीवर आणि पंपाच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. दोघांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

रिलेला हुकूम ईसीयूचाच हवा. चावी फिरवली की ईसीयू पंप दोन-तीन सेकंद चालवतो, इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. काही वायरमन ही भानगड नको म्हणून पंप सरळ इग्निशनवर जोडतात. "चावी ऑन, पंप ऑन, टेन्शन नाही." अपघातात नळी तुटली, इंजिन बंद पडलं आणि चावी तशीच राहिली, तर तो पंप टाकी रिकामी होईपर्यंत रस्त्यावर, गरम इंजिनावर पेट्रोल ओतत राहील. मी या एका बाबतीत गॅरेजवाल्याशी भांडून घेतो. धक्का लागला की पंप तोडणारा इनर्शिया स्विच मिळाला तर तोही टाका.

विकत घेताना

भंगारातून इंजिन घ्या, गिअरबॉक्स घ्या, ईसीयू सुद्धा घ्या. पंप घेऊ नका. कुर्ल्यापासून मंगळवार पेठेपर्यंत सगळीकडे पंप मिळतात, पण कोरड्या टाकीत वर्षभर पडलेला पंप आतून गंजलेला आहे की नाही हे हातात धरून कळत नाही. नवा घ्या. कंपनीच्या काउंटरवर तुमच्या इंजिनाच्या मूळ गाडीचा नाहीतर त्याच ताकदीच्या दुसऱ्या गाडीचा. गाजलेल्या रेसिंग पंपांच्या नकला बाजारात इतक्या आहेत की अर्ध्या किमतीत मिळाला तर तो नकलीच समजा. माझा पहिला 255 तसाच होता बहुधा, त्याची खोदलेली अक्षरं नखाने निघत होती.

गाडी बाहेर काढण्याआधी

जवळ अग्निशामक सिलिंडर, आसपास कुणी विडी ओढत नाही, आणि टाकी वाऱ्याच्या जागी. मग तीन गोष्टी बघा.

रेलवर गेज लावून आयडलला दाब वाचा. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बोटाने दाबून धरा, दाब अर्ध्या बारच्या आसपास वर गेला पाहिजे. नळी परत लावली की खाली. हललाच नाही तर रेग्युलेटर अडकलाय किंवा रिटर्न तुंबलंय.

इंजिन बंद करा. गेजचा काटा धपकन शून्यावर आला तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. सकाळी गाडी दोन-तीन सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही त्याचं कारण बहुतेकदा हेच.

आता रिटर्नची नळी टाकीकडून सोडवून मापाच्या बाटलीत सोडा, पंप रिले जंपर करून (तुकड्या वायरने थेट जोडून) बरोबर तीस सेकंद चालवा. आपल्या हिशेबाने ताशी 40 लिटर, म्हणजे अर्ध्या मिनिटात 333 मिली तरी पडलं पाहिजे. माझ्या गाडीत आता बसवलेला कंपनीचा साधा पंप तीस सेकंदांत सातशे मिली देतो. त्याच्यावर ती गाडी आंबा घाट चढते, उतरते, पेट्रोलचा वास येत नाही. तो 255 चा गॅरेजच्या फळीवर पडलाय. कुणी नवीन पोरगं मोठा पंप टाकायचं म्हणालं की मिस्त्री तो त्याच्या हातात देतात आणि आधी ती अक्षरं नखाने खरवडायला सांगतात.